वसतिगृहावाचून विद्यालय

मास्ट्रिख्ट शहराच्या दक्षिण अंगास, जुन्या तटबंदीच्या आणि येकर या लहानशा नदीच्या सान्निध्यात, झ्विंगेलपुट नावाची एक शांत गल्ली आहे, आणि त्या गल्लीत नीवेनहोफ या नावाने ओळखला जाणारा एक जुना मठ उभा आहे. धर्मव्रताने एकत्र राहणाऱ्या माणसांसाठी बांधलेल्या या वास्तूत आज युनिव्हर्सिटी कॉलेज मास्ट्रिख्ट ही २००२ साली स्थापन झालेली विद्यासंस्था नांदत आहे. विद्यार्थी हजाराच्या आत, अभ्यासक्रम तीन वर्षांचा, माध्यम इंग्रजी. विद्यार्थ्यावर ठरीव विषयांची माळ लादायची नाही, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या सीमा ओलांडत त्याने सल्लागार अध्यापकाच्या साहाय्याने आपला मार्ग आपणच आखायचा, ही तेथील शिक्षणाची मूळ कल्पना. मठात पूर्वीच्या जीवनाचे बहुतेक सारे काही टिकून आहे: भिंती आहेत, आतले आवार आहे, अध्ययन आहे, एका लहान समूहाची परस्परांशी असलेली जवळीकही आहे, नाही तो केवळ निवास. वर्ग सुटले की हे विद्यार्थी गावात पांगतात आणि ज्याला जेथे खोली मिळाली असेल तेथे जाऊन झोपतात. उट्रेख्टमध्ये १९९८ साली, म्हणजे चारच वर्षे आधी, याच धर्तीचे पहिले डच कॉलेज जुन्या लष्करी छावणीत स्थापन झाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी तिन्ही वर्षे आवारातच राहावे असा दंडक घालण्यात आला. मास्ट्रिख्टने तो मार्ग पत्करला नाही. या निर्णयाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याचा विचार पुढे केलाच पाहिजे. परंतु जे शिक्षण इतक्या कसोशीने समतेवर उभारलेले आहे त्याच्या पायाशी ही जागा मोकळी राहिल्यामुळे काय घडते, हे आधी पाहणे अवश्य आहे.

समता हा शब्द येथे मी सौजन्यापोटी वापरलेला नाही. लिंबर्ग प्रांत हा कोळशाच्या खाणींचा प्रांत होता. १९६५ च्या डिसेंबरात अर्थमंत्री योप डेन आउल यांनी हेर्लेन येथे येऊन त्या खाणी बंद होणार असल्याचे जाहीर केले, आणि १९७४ अखेर शेवटची खाण थांबली. हजारो कुटुंबांची उपजीविका गेली, आणि तिच्या मोबदल्यात प्रांताला ज्या काही गोष्टी देण्याचे ठरले त्यांत एक विद्यापीठ होते. कायद्याची सनद हाती येण्याची वाटही न पाहता १९७४ साली वैद्यकाचे वर्ग सुरू झाले. राजमान्यता १९७६ च्या जानेवारीत आली. नव्या विद्यापीठाला जुन्या विद्यापीठांची प्रतिष्ठा नव्हती, म्हणून त्याने अध्यापनाची निराळी पद्धती स्वीकारली. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात नुकतीच रुजू लागलेली ही रीत अशी की, व्याख्यान ऐकण्याऐवजी दहा-पंधरा विद्यार्थ्यांनी एका मेजाभोवती बसायचे, समोर आलेल्या प्रश्नाची उकल करायची, त्यांच्यातीलच एकाने चर्चा चालवायची, दुसऱ्याने फळ्यावर टिपणे घ्यायची, कोठे अज्ञान आहे ते सर्वांनी मिळून ठरवायचे, घरी जाऊन वाचायचे आणि पुढच्या बैठकीत परत येऊन एकमेकांस समजावून सांगायचे. अध्यापक त्या मेजाशी असतो, परंतु तो आपले ज्ञान मागितल्यावाचून पुढे करीत नाही.

ही पद्धती ज्याने जवळून पाहिली असेल त्याला तिच्यातील न्यायबुद्धी जाणवल्यावाचून राहणार नाही. दोनशे डोक्यांच्या सभागृहात मागच्या बाकावर लपून बसणाऱ्या लाजाळू मुलाला येथे लपता येत नाही. बोलघेवड्याला सतत बोलता येत नाही. आणि नवखी, अडखळत्या इंग्रजीची मुलगीसुद्धा आठवड्यातून दोनदा चर्चेच्या अध्यक्षस्थानी बसण्याच्या शक्यतेने हळूहळू निर्भय होते. आपल्याकडच्या महाविद्यालयांतून प्राध्यापकाने सांगितलेले उतरून घेण्यात ज्यांची वर्षे गेली त्यांना याचा हेवा वाटावा, इतके हे शिक्षण मोलाचे आहे. पण या पद्धतीची एक अट आहे, आणि ती अट पाठ्यपुस्तकात लिहिलेली नसते. निम्मे शिक्षण दोन बैठकींच्या मध्ये, वर्गाबाहेर घडते. त्यासाठी विद्यार्थ्याला वाचायला निवांत जागा हवी, मेजाशी ताजेतवाने बसण्याइतकी झोप हवी, आणि बैठक चुकणार नाही एवढ्या अंतरावर बिऱ्हाड हवे, कारण हजेरी येथे सक्तीची आहे. व्याख्यानपद्धतीत परगावी राहणारा मुलगा दुसऱ्याच्या वह्या मागून वेळ निभावून नेतो. मेजाभोवतीच्या शिक्षणात त्याची रिकामी खुर्ची साऱ्यांना दिसते, आणि त्याचे नुकसान कोणाच्याही वहीतून भरून काढता येत नाही.

नेदरलँड्समध्ये सामान्यतः विद्यार्थ्याला राहायला जागा देणे हे विद्यापीठाचे काम मानलेले नाही. घरे बांधावीत आणि भाड्याने द्यावीत गृहनिर्माण संस्थांनी आणि खाजगी मालकांनी, विद्यापीठाने शिकवावे, आणि या दोहोंमधले अंतर विद्यार्थ्याने स्वतः काटावे, अशी ही व्यवस्था आहे. मास्ट्रिख्टमध्ये खोल्यांची माहिती एकत्र देणारे ‘मास्ट्रिख्ट हाउसिंग’ नावाचे एक दालन आहे, त्याच्या मदतीने पुष्कळांची सोय होतेही. पण सुमारे सव्वा लाख वस्तीच्या या शहरात विद्यापीठाचे विद्यार्थी वीस हजारांहून अधिक आहेत आणि त्यांतले निम्म्याहून जास्त परदेशांतून आलेले आहेत, एवढे सांगितले की ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन महिन्यांत तेथे काय होत असेल याची कल्पना वाचकाला करता येईल. ग्रोनिंगेन या उत्तरेकडील विद्यापीठनगरीत २०१८ साली नव्याने आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी तंबू उभारावे लागले होते. पुढे काही डच विद्यापीठांनी, खोली निश्चित झाली नसेल तर येऊच नका, असे प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्यांना उघडपणे कळवले. एका हाताने दिलेला प्रवेश दुसऱ्या हाताने काढून घेण्याचाच हा प्रकार आहे, आणि तो काढून घेताना गुणवत्तेचा विचार होत नाही; कोणाचे वडील तीन महिने आधी येऊन खोली पाहू शकतात, याचा मात्र होतो.

येथे तपशिलात शिरणे भाग आहे, कारण अन्याय तपशिलातच दडलेला असतो. खोली भाड्याने घेण्यासाठी अनामत द्यावी लागते. खोली न पाहता अनामत पाठवणारा मुलगा भामट्यांच्या हाती सापडतो, आणि सात हजार किलोमीटरवर असलेल्याला न पाहता पाठवण्यावाचून गत्यंतर नसते. चार महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्याने नगरपालिकेत आपल्या पत्त्याची नोंद करायची. त्या नोंदीवाचून नागरिक-क्रमांक नाही, आणि त्या क्रमांकावाचून पुढची कितीतरी कामे अडतात. परंतु काही मालक खोली देताना नोंद करू देत नाहीत, आणि बाहेरून आलेला विद्यार्थी, खोली जाईल या भीतीने, ती अटही मान्य करतो. डच सरकार भाड्यासाठी साहाय्य देते, पण ते मुख्यतः स्वतंत्र घरासाठी. सामाईक स्वयंपाकघर असलेल्या खोलीत राहणाऱ्याला, म्हणजे बहुतेक साऱ्या गरीब विद्यार्थ्यांना, सामान्यतः ते मिळत नाही. भाडे अवाजवी असेल तर भाडे-न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. तेथे खोलीचे क्षेत्रफळ, सोयी, सामाईक जागा यांना गुण देऊन रास्त भाडे ठरवतात आणि निवाडा मालकाला बंधनकारक असतो. ही व्यवस्था स्तुत्य आहे, आमच्याकडे असती तर पुण्यातल्या किती विद्यार्थ्यांचे पैसे वाचले असते! पण ज्याची खोली मुळात नोंदीविना आहे, ज्याला डच येत नाही आणि ज्याचा करार वर्षभराचा आहे, तो दाद मागायला किती वेळा जाईल?

आणि या सर्वांच्या आधी एक प्रसंग असतो. चार-पाच विद्यार्थी एका घरात राहतात, त्यांची एक खोली रिकामी होते, आणि इच्छुकांना संध्याकाळी बोलावून, चहा-बिअर देऊन, गप्पा मारून, त्यांतून आपल्याला आवडेल त्याला ते निवडतात. घरात कोण असावे हे घरातल्यांनी ठरवावे, यात वावगे काहीच नाही. तथापि जो तेथे हजर राहू शकतो, ज्याला त्यांची भाषा आणि त्यांचे विनोद समजतात, ज्याची ओळख कोणी तरी आधीच करून दिलेली आहे, तोच निवडला जातो; आणि परदेशी विद्यार्थ्यांनी अर्ज करू नये, असे जाहिरातीत स्पष्ट लिहिण्यापर्यंत काही घरांची मजल जाते. ट्रागोस, सर्कमफ्लेक्स, कोको यांसारख्या जुन्या विद्यार्थिमंडळांचे सभासद एकमेकांना खोल्यांची खबर देतात, हेही स्वाभाविकच. मेजाभोवती सारे समान आहेत, परंतु मेजापर्यंत पोचण्याचा रस्ता ओळखीच्या माणसांतून जातो.

नेमकी हीच गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका माणसाने ओळखली होती. त्या काळच्या पुण्या-कोल्हापुरात गरीब ब्राह्मण मुलगा उपाशी राहून शिकत होता असे आपण म्हणतो, आणि ते खरेही आहे. पण त्या मुलाला वार लावून जेवता येत होते, माधुकरी मागता येत होती, कोणा दूरच्या आप्ताच्या ओसरीवर पथारी पसरता येत होती. सात घरी सात वार ही एका समाजाने आपल्या मुलांसाठी केलेली मूक तरतूद होती, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली होती की तिला कोणी तरतूद म्हणतही नव्हते. कुणब्याच्या, लिंगायताच्या, मुसलमानाच्या, अस्पृश्याच्या मुलाला अशी सात घरे शहरात नव्हती. शाळा त्यालाही उघडी होती, निदान कायद्याने. राजाराम कॉलेजच्या दारावर त्याचे नाव पुकारून त्याला कोणी हाकलले नव्हते. तरी तो शिकत नव्हता, आणि शहरातले शहाणे लोक त्याचे कारण त्याच्या बुद्धीत किंवा त्याच्या बापाच्या अनास्थेत शोधीत होते. शाहू महाराजांनी १८९६ च्या सुमारास सर्वांसाठी मिळून एक वसतिगृह काढून पाहिले, पण तेथेही ज्यांची शहरात आधीच ओळख होती त्यांचाच भरणा झाला. तेव्हा १९०१ पासून त्यांनी मराठ्यांसाठी, जैनांसाठी, लिंगायतांसाठी, मुसलमानांसाठी, आणि १९०८ मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाने, एकामागून एक बोर्डिंगे काढली, त्यांना जागा दिल्या, उत्पन्ने तोडून दिली. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९१७ चा आहे. बोर्डिंगे त्याच्या सोळा वर्षे आधीची. हा क्रम मला अत्यंत अर्थपूर्ण वाटतो. छप्पर आधी, सक्ती नंतर.

जातवार वसतिगृहांनी जातींच्या भिंती पक्क्या केल्या, असा आक्षेप त्यांच्यावर घेण्यात आला आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. त्याला उत्तर १९२४ साली साताऱ्यात मिळाले. भाऊराव पाटलांनी तेथे जे बोर्डिंग काढले त्यात महाराची, मराठ्याची, मुसलमानाची, जैनाची मुले एका पंगतीला जेवत, एकत्र भाकऱ्या थापीत, एकत्र भांडी घाशीत. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या गळ्यातले मंगळसूत्रही विकले गेले, ही हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९२७ साली गांधीजी तेथे येऊन गेले. भाऊरावांच्या दृष्टीने बोर्डिंग हीच मुख्य शाळा होती, वर्ग हा तिचा एक भाग. मुलगा ज्या हातांनी पुस्तक धरतो त्याच हातांनी त्याने विहीर खणावी, आणि ज्याच्याशी वर्गात वाद घालतो त्याच्याच शेजारी बसून जेवावे, हे त्यांना शिक्षणाबाहेरचे वाटत नव्हते. मास्ट्रिख्टच्या मेजाची आणि साताऱ्याच्या पंगतीची जात एक आहे, असे मी म्हणेन. दोन्ही ठिकाणी माणसे समोरासमोर बसतात आणि कोणाला वरची जागा नसते. फरक एवढाच की साताऱ्यात पंगत उठल्यावर मुले त्याच छपराखाली झोपत.

छपराची किंमत कोणाला अधिक कळली असेल तर ती बाबासाहेब आंबेडकरांना. कोलंबियातील अभ्यास आणि लंडनची अर्धवट राहिलेली वर्षे पाठीशी टाकून, बडोदे संस्थानाशी केलेल्या कराराप्रमाणे ते १९१७ साली नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांच्याइतका शिकलेला माणूस त्या कचेरीत क्वचितच असेल. पण त्या शहरात त्यांना कोणी भाड्याने जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव घेऊन राहिले, आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. पुढे १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हा तिच्या अगदी पहिल्या कामांत सोलापूर येथील वसतिगृह होते. आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय निघाले तेव्हा नागसेनवनाच्या माळावर वर्गांबरोबर मुलांच्या राहण्याचाही विचार झाला, कारण मराठवाड्याच्या खेड्यांतून येणाऱ्या दलित मुलाला औरंगाबादच्या गल्ल्यांत कोणी खोली देणार नव्हते. पदवी माणसाला जागा मिळवून देत नाही, हे ज्याने सोसले होते त्याने महाविद्यालय काढताना जागेची व्यवस्था बाजारावर सोडली नाही.

आता दुसरी बाजू. ती मांडताना हात आखडता घेणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, कारण वसतिगृहाच्या इतिहासात त्याच्या दातृत्वाइतकाच त्याचा जाचही नोंदलेला आहे. ज्या भाऊरावांची स्तुती आताच केली, ते स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात विद्यार्थी असताना अस्पृश्यांच्या बोर्डिंगाच्या समारंभाला गेले, परत आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यासाठी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. छप्पर देणारा हात छप्पर काढूनही घेऊ शकतो. आणि तो ते काढून घेतो बहुधा विद्यार्थ्याच्या सर्वोत्तम कृतीबद्दल. आजही आपल्याकडील मुलींच्या किती वसतिगृहांत रात्री आठ-नऊला दरवाजे बंद होतात, हजेरीपटावर सह्या होतात, पालकांच्या परवानगीवाचून गावात मुक्काम करता येत नाही, हे सर्वांना माहीत आहे. २०१५ साली दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’ या नावाने चळवळ उभारली ती याच जाचाविरुद्ध. मुलांच्या वसतिगृहात तीच संस्था ग्रंथालय रात्रभर उघडे ठेवते आणि मुलींना मात्र सुरक्षिततेच्या नावाखाली लवकर खोलीत पाठवते, तेव्हा निवास हा शिक्षणाचा आधार राहत नाही, तो शिक्षणातला अडसर होतो.

उट्रेख्टसारखे अपवाद सोडले तर डच लोकांनी हा प्रश्न मुळापासूनच नाकारला. अठरा वर्षांचा विद्यार्थी हा प्रौढ नागरिक आहे, त्याने कोणाशी राहावे, किती वाजता परतावे, काय खावे, याच्याशी विद्यापीठाचा संबंध नाही. तो मालकाशी करार करतो, कर भरतो, नगरपालिकेत नाव नोंदवतो, आणि शेजाऱ्याने तक्रार केली तर तिला स्वतः उत्तर देतो. मास्ट्रिख्टच्या एखाद्या गल्लीत तीन वर्षे राहिलेल्या मुलीला कचरा कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचा, बाजार कोणत्या वारी भरतो, शेजारच्या आजोबांना झोपेचा त्रास असल्यामुळे संगीत कधी बंद करायचे, हे जेवढे कळते तेवढे आवारात राहणाऱ्याला कधीच कळत नाही. माझ्या मते हा लाभ खरा आहे आणि मोठा आहे. गुरुकुलाचा दाखला देऊन तो उडवून लावण्याचा मोह येथे कित्येकांना होईल. पण गुरुकुलाचे दार कोणाकोणाला बंद होते हे आठवले की तो मोह आवरतो.

शहरवासीयांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ज्या गल्लीत पूर्वी कुटुंबे राहत तेथील घरे एकेक करून खोल्याखोल्यांनी भाड्याने जाऊ लागली, रात्री-अपरात्री गोंगाट वाढला, आणि तरुण जोडप्यांना घर घेणे अशक्य झाले, अशी तक्रार मास्ट्रिख्टमध्ये वर्षानुवर्षे आहे. घराचे खोल्यांत रूपांतर करण्यास परवाना लागावा आणि अशा परवान्यांना मर्यादा असावी, हे नगरपालिकेचे धोरण त्या तक्रारीतून आले. ते मला रास्त वाटते. पण त्याचा परिणाम असा होतो की, विद्यापीठ विद्यार्थी बोलावते, नगरपालिका खोल्यांची वाढ रोखते, गृहनिर्माण संस्था आपल्या गतीने बांधतात, आणि या तिन्ही कारभारांमध्ये जी फट राहते तिच्यात अठरा वर्षांची मुलगी एका पेटीसह उभी राहते. तिघांपैकी प्रत्येकाने आपले काम नियमानुसार केलेले असते.

विद्यापीठ विद्यार्थ्यांकडे दुर्लक्ष करते, असा अर्थ यातून कोणी काढू नये. बोनेफान्टेनच्या जुन्या मठात विद्यार्थी-सेवा केंद्र आहे. तेथे मानसशास्त्रज्ञ आहेत, सल्लागार आहेत, अपंग विद्यार्थ्यांना साहाय्य करणारे खाते आहे. युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रत्येकाला स्वतःचा सल्लागार अध्यापक आहे, आणि युनिव्हर्सालिस हे विद्यार्थ्यांचे मंडळ तर घराची ऊब देण्यासाठी झटत असते. माणसे सहृदय आहेत. परंतु झोप न लागणाऱ्या मुलाला मानसशास्त्रज्ञाकडे पाठवायचे आणि तो महिनाभर तीन मित्रांच्या जमिनीवर आळीपाळीने झोपत आहे ही गोष्ट मात्र विद्यापीठाच्या कक्षेबाहेरची समजायची, ही गळक्या छपराखाली बादल्या मांडत राहण्याची रीत आहे. सेवा म्हणून जे जे दिले जाते, त्यातला बराच भाग निवासाच्या अभावाची भरपाई करण्यात खर्ची पडतो. आणि ती भरपाई महाग असते, अपुरी असते, आणि मागण्याचे धैर्य असलेल्यालाच मिळते.

छपराऐवजी पैसे द्यावेत, विद्यार्थी आपली सोय आपण पाहील, असा एक विचार दोन्ही देशांत बळावला आहे. नेदरलँड्सने २०१५ मध्ये विद्यार्थ्यांचे मूळ अनुदान बंद करून कर्जाची पद्धत आणली आणि २०२३ मध्ये अनुदान परत सुरू केले. आपल्याकडे शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना ‘स्वाधार’ योजनेतून रोख रक्कम मिळते. पैसा हवाच, त्यावाचून काही होत नाही. पण जेथे खोल्याच कमी आहेत तेथे प्रत्येकाच्या हातात थोडा पैसा दिल्याने खोल्या वाढत नाहीत, भाडे वाढते. स्पर्धापरीक्षांसाठी पुण्याच्या पेठांत येणाऱ्या मुलांना विचारावे: कॉट बेसिसवर एका खोलीत पाच-सहा जण, दोन खाटांमधून आडवे होऊन जायचे, मेसचा डबा, अभ्यासिकेतली भाड्याची खुर्ची, आणि घरमालकाने आडनाव विचारल्यावर थोडा वेळ पसरणारी शांतता. आडनावाला पैशाने उत्तर देता येत नाही. याच पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली आणि खेड्यांतल्या गरीब मुलांना कमी खर्चात राहण्या-जेवण्याची सोय करून दिली. तेथून बाहेर पडलेली कितीतरी माणसे आज स्वतःहून तिचा भार उचलतात. जातिधर्म न विचारता दिलेल्या खोलीचे असे फळ रोख रकमेला येत नाही.

तेव्हा मास्ट्रिख्टच्या या लहान कॉलेजाने उट्रेख्टसारखे तीन वर्षांचे सक्तीचे निवासी आवार उभारावे, असे माझे म्हणणे नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्याने गावात राहावे हेच इष्ट. तोपर्यंत त्याला शहर कळलेले असते, मित्र झालेले असतात, खोट्या मालकाला ओळखण्याची जाण आलेली असते. पहिल्या वर्षाची गोष्ट वेगळी आहे. ज्याला प्रवेशाचे पत्र दिले त्याला, त्याने मागितल्यास, पहिल्या बारा महिन्यांसाठी एक खोली देण्याची हमी त्याच पत्रात असावी. आणि जितक्या खोल्यांची हमी देता येईल तितक्याच परदेशी विद्यार्थ्यांना बोलवावे. यात विद्यार्थिसंख्या घटेल, शुल्काचे उत्पन्न घटेल, हे उघड आहे. युरोपीय संघाबाहेरून आलेला विद्यार्थी संघातल्या विद्यार्थ्याच्या कितीतरी पट शुल्क भरतो, शिवाय आपल्यापाशी महिना हजार युरोंहून अधिक खर्चण्याची ऐपत असल्याचा पुरावा व्हिसासाठी आधीच दाखल करतो. सातारा किंवा नांदेडकडच्या घराने त्यासाठी शेत गहाण ठेवलेले असू शकते. ज्याच्याकडून एवढे घेतले त्याला एक कुलूप-किल्ली देण्याइतकी शिल्लक संस्थेपाशी नसावी, हे मला पटत नाही. संख्या घटवणे ज्यांना जड वाटते त्यांनी गृहनिर्माण संस्थांशी दीर्घ मुदतीचे करार करावेत आणि रिकाम्या राहणाऱ्या खोल्यांचा तोटा विद्यापीठाने सोसावा. आज तो धोका सर्वांत दुबळ्या पक्षाच्या, म्हणजे विद्यार्थ्याच्या, माथी आहे.

आणि या खोलीबरोबर कसलीही ताबेदारी येऊ नये, याची काळजी करारातच घेतली पाहिजे. रात्रीचा दरवाजा बंद होणार नाही, पाहुण्यांची नोंदवही नसेल, पालकांना पत्रे जाणार नाहीत. अभ्यासात नापास झाल्याबद्दल किंवा संस्थेविरुद्ध मत मांडल्याबद्दल, मोर्च्याला गेल्याबद्दल, खोली काढून घेतली जाणार नाही. सामाईक स्वयंपाकघर मात्र असावे, आणि ते मोठे असावे, कारण पोलंडची मुलगी, आखनची मुलगी आणि कोल्हापूरचा मुलगा एकाच शेगडीपाशी उभे राहिले की मेजाभोवतीची चर्चा तेथे पुढे चालू राहते आणि ती अध्यापकाला कधीच ऐकू येत नाही. भाडे रास्त आहे की नाही हे कॉलेजने ठरवू नये. डच कायद्याने भाडेकरूला न्यायाधिकरणाकडे जाण्याचा जो हक्क दिला आहे तो या खोलीलाही लागू राहावा, त्यावर पाणी सोडणारे कोणतेही कलम करारात नसावे, आणि विद्यार्थ्याने कॉलेजविरुद्धच तेथे अर्ज केला तर त्या वर्षीच्या त्याच्या कोणत्याही परीक्षेत, शिफारसपत्रात किंवा शिष्यवृत्तीत त्या अर्जाचा उल्लेख होऊ नये, असे नियमात स्वच्छ शब्दांत लिहिलेले असावे.